खालचा हॉल

मे महिन्यातला गुरुवार, ब्लॅकबर्न.
मशिदीच्या तळमजल्यावर मतदान केंद्र.
मिसेस हेस्केथ दारात थबकलेल्या,
कडेवर मूल घ्यावं तशी रिकामी मतपेटी.
विचारतात, जोडे काढायचे का?
मोटालाभाई, कमिटीचे सेक्रेटरी, दाढी खाजवत म्हणतात,
वर काढायचे. खाली राहू द्या.
मग जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर
खडूने एक रेघ ओढतात, वाकडीच.

माझं काम पडद्यामागे.
नकाब घालून येणारीचा चेहरा फोटोशी ताडायचा,
मग आरसा पुढे धरायचा, पिना नीट लावायला.
दिवसभरात एकवीस चेहरे.
सरकारने माझे डोळे तेवढे भाड्याने घेतले होते.

सतरंजी गुंडाळली उस्ताद बाबिकरांनी.
ओमदुर्मानचे. तिथे वीस वर्षं एकच विषय शिकवला,
दीन आणि दौला.
शरियतचं नाव घेत आलेल्या सरकारने
त्यांना उत्तर पाठीवर लिहून दिलं.
खुर्चीत अजून टेकून बसत नाहीत.
त्यांना इथे मत नाही, कागद यायचे आहेत.
मला आहे. गाव हर्णै, पासपोर्ट भारताचा,
साहेबाच्या जुन्या हिशेबातली ही एवढी शिल्लक.

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा चहा ओतत म्हणाले,
तुमच्या भाषेत याला शब्द काय?
मला शाळेतलं नागरिकशास्त्र आठवलं.
धर्मनिरपेक्ष, म्हटलं. निरपेक्ष म्हणजे अपेक्षा नसलेला.
कुणाची, कुणाकडून?
हे बाईंनी कधी विचारलं नव्हतं.
आणखी एक आहे, म्हटलं, इहवादी. इह म्हणजे इथे.
आमचाही शब्द आलमवरून, ते म्हणाले, जगावरून.
आणि उर्दूवाले लादीनी म्हणतात,
झालं, तिथेच भांडण सुरू.

फाटकाबाहेर उझैर, कोवळी दाढी, ओली पत्रकं:
हुकूम फक्त अल्लाचा. मत देणं हा शिर्क.
उस्ताद त्याच्यासाठीही कप घेऊन जातात.
बेटा, राज्याला गुडघे नसतात.
ते सजदा करणार कसं?
एकाने म्हटलं होतं, मला आहेत.
त्याने माझे टेकवले.

उझैर मूर्ख नाही. प्रेस्टनला कायदा शिकतोय.
मग इथल्या राजाला कुठून आले गुडघे?
चर्चचा मुख्य तोच. बिशप बसून कायदे करतात.
त्यांनी केलं की परंपरा,
आम्ही बोललो की मध्ययुग?
उस्ताद हसले. उत्तर नव्हतं,
की इतक्यात द्यायचं नव्हतं, कळलं नाही.
उझैर म्हणाला, साखर कमी आहे.

पावणेनऊला मगरिब.
खाली चारजण रांगेत, एक कुत्रं दाराशी बांधलेलं,
आणि छतातून एकदम धप्प,
साठ-सत्तर माणसांचे गुडघे एकाच वेळी.
ट्यूबलाइट थरथरली. पेटी जागची हलली नाही.
मिसेस हेस्केथनी वर पाहिलं, आवाज उतरवला:
आमच्या चर्चमध्ये आम्ही अकराजण उरलोय.
आणि गुडघे तर सगळ्यांचेच गेलेत.
रांगेतल्या आजोबांना पहिली मतपत्रिका बिघडली
म्हणून दुसरी हवी होती. दिली.

दहाला दहा कमी असताना मी माझी फुली मारली.
कुणाला ते सांगणार नाही, त्यासाठीच तर तो आडोसा.
मग सील, सह्या, गाडी.
मिसेस हेस्केथ पेन्सिली मोजत होत्या,
एक कमी, पुन्हा मोजली, एक कमीच.

उद्या जुम्मा, खालचा हॉलही लागणार.
उस्तादांनी सतरंजीचं एक टोक धरलं.
इशासाठी आलेला उझैर
रेघेपाशी थांबला, जोडे हातात,
क्षणभर वर बघितलं,
मग खाली येऊन दुसरं टोक धरलं.
बोलले नाहीत. तिरकी पसरली गेली.
भिंतीकडच्या तिसऱ्या पट्ट्यात
एक बारीक उंचवटा राहिलाय.
मला दिसला. मी काही म्हटलं नाही.
उद्या कुणाच्या तरी कपाळाला लागेल.